मामाला सांगितलं, मला का नाही?

पत्राचा सारांश: नागपूरच्या मानेवाडा भागात राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र. मुलगा २० वर्षांचा, पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मुलगी १७ वर्षांची, बारावीत, सोबत नीटचा क्लास. यजमान सरकारी नोकरीत. रोज रात्री फोन केला की मुलगा ‘हो’, ‘ठीक’, ‘नंतर करतो’ यापलीकडे बोलत नाही. मध्यंतरी ताईंना त्यांच्या भावाकडून कळलं की मुलाचे दोन विषय राहिले आहेत. त्याने ते मामाला सांगितलं, घरी नाही. आणि ‘मी सांगितलं म्हणून त्याला कळू देऊ नको’ अशी गळ मामाने घातली. त्या धसक्याने ताईंनी मुलीचा फोन तिच्या नकळत वाचला. त्यात क्लासमधल्या एका मुलाशी गप्पा होत्या आणि मैत्रिणीला लिहिलेलं एक वाक्य होतं: ‘मला डॉक्टर व्हायचंच नाहीये.’ मुलीच्या हे लक्षात आलं. तेव्हापासून तिने आईशी बोलणं टाकलंय आणि खोलीला आतून कडी लावून बसते. यजमानांना यातलं काही माहीत नाही. ‘पैसे लागले की बरोबर बोलतात दोघं,’ एवढंच ते म्हणतात. ताई विचारतात: ‘शाळेतली नोकरी मी या दोघांसाठी सोडली. कुठे कमी पडले? मुलाला जाब विचारू का? दोन-तीन महिने पुण्याला जाऊन राहू का? आणि मुलीचं यजमानांच्या कानावर घालू की नको?’

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण सगळ्यात जास्त लागलंय ते मामाचं. ‘नऊ महिने मी पोटात वाढवलं आणि हा सांगतो मामाला,’ असं तुम्ही लिहिलंय. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

विषय राहिल्याचं कळलं तेव्हा तुमचा मुलगा एकटा कुढत बसला नाही. त्याने घरातल्याच एका मोठ्या माणसाला फोन लावला आणि खरं ते सांगितलं. तुम्हाला यात स्वतःची हार दिसते आहे. मला तुमच्या घराची जमेची बाजू दिसते. निकाल लागल्यावर ज्यांना फोन करायला कुणीच नसतं, अशा मुलांची काळजी मला कितीतरी जास्त वाटते. मामा, आत्या, काकू, मोठी चुलत बहीण ही माणसं आपल्याकडे फक्त आहेर आणि मानपानापुरती कधीच नव्हती. आईबापाला सांगता येत नाही ते ऐकून घ्यायला ती असायची. तुमच्या घरात तो माणूस अजून शाबूत आहे, त्याला जपा.

मग तुम्हाला का नाही सांगितलं? मामाला सांगून त्याचं काही जात नव्हतं. मामा हळहळेल, रागवेल, आणि पुढच्या क्षणी ‘बरं, आता काय करायचं’ म्हणेल. तुम्हाला सांगायचं म्हणजे फोनवर तुमचा आवाज बदललेला ऐकायचा. तुम्ही रात्रभर झोपणार नाही हे त्याला ठाऊक आहे. बाबांचा आवाज चढेल हेही ठाऊक आहे. आणि तुम्ही नोकरी सोडल्याचं तर त्याने लहानपणापासून ऐकलंय. राहिलेला प्रत्येक विषय त्या सोडलेल्या नोकरीच्या खात्यात जमा होतो, निदान त्याला तसं वाटतं. तुमचं दुःख त्याला पेलवत नाही, म्हणून तो तुमच्यापासून लपवतो. हे अंतर पडलंय ते प्रेम कमी झाल्यामुळे नाही.

एक प्रश्न विचारते, रागावू नका. नोकरी सोडल्याचा विषय घरात किती वेळा निघतो? तुम्ही पत्रातच तो तीन ठिकाणी काढलाय. तो त्याग खरा आहे, त्याची कदर व्हायलाच हवी, आणि ती यजमानांनी करायला हवी. मुलांपुढे तो मांडला की त्यांना त्यात मागणी ऐकू येते.

तेव्हा जाब विचारू नका. आज विचारलात तर मामाने सांगितलं हे त्याला लगेच कळेल आणि एकाच फटक्यात दोन दारं बंद होतील. त्याऐवजी भावाशी बोला. भावाला एवढंच सांगा, ‘त्याला म्हण, घरी तू स्वतःच सांग. हवं तर मी आधी तुझ्या आईशी बोलून ठेवतो.’ थोडे दिवस जाऊ द्या. पुढेमागे मुलाने तोंडावर विचारलं की आई, तुला माहीत होतं का, तर खोटं बोलू नका. ‘होतं. तू सांगशील म्हणून थांबले होते.’

आता तो फोन. रोज साडेनऊला तुम्ही काय विचारता तेही तुम्ही प्रामाणिकपणे लिहून पाठवलंय. जेवलास का? काय होतं मेसला? कॉलेजला गेला होतास ना? अभ्यास कसा चाललाय? पैसे आहेत का? झोपतोस ना वेळेवर? यातला एकेक प्रश्न मायेचा आहे. पण ऐकणाऱ्याला ती शाळेतली हजेरी वाटते, आणि हजेरीला कुणी ‘हजर’च्या पुढे काही बोलत नाही. शिवाय त्यातला एक प्रश्न सध्या त्याला फार जड जात असणार. अभ्यास कसा चाललाय, याचं खरं उत्तर त्याला देता येत नाही. म्हणजे दररोज साडेनऊला तुमच्या मुलाला तुमच्याशी खोटं बोलावं लागतं. तो फोन उचलायला त्याचा हात कसा पुढे येईल?

अभ्यासाचा प्रश्न काही दिवस पूर्णपणे सोडून द्या. रोजचा फोनही सोडा. आठवड्यातून दोनदा, त्याला सोयीच्या वेळी. आणि त्या फोनवर विचारण्याऐवजी सांगा. कूलरची खस बदलताना बाबांनी पंप कसा उलटा बसवला आणि अख्खी खोली कशी भिजली, ते सांगा. शेजारच्या काकूंनी पाठवलेल्या सांबारवड्या बाबांनी एकट्याने कशा संपवल्या, ते सांगा. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार येतात, त्यांचा फोटो पाठवा. आणि खाली ‘जेवलास का’ असं लिहू नका. नुसता फोटो. त्याचं उत्तर आलं नाही तरी चालेल. घर चालू आहे, आपली जागा तिथे तशीच आहे, एवढं त्याला दिसत राहू द्या.

यासाठी तुमच्याकडेही सांगण्यासारखं काही हवं, ताई. तुम्ही पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलंय. आसपासच्या चार मुलांची शिकवणी घ्या, वाचनालयात जा, अंबाझरीला सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांच्या घोळक्यात सामील व्हा. ज्या आईच्या दिवसात स्वतःचं काही घडत असतं, तिच्या फोनला मुलं जरा लवकर उत्तर देतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

आणि त्याला विचारायचंच असेल तर सल्ला विचारा. इन्व्हर्टर कोणता घ्यावा, बाबांच्या फोनमधले फोटो कुठे साठवावेत, आजीच्या औषधांची आठवण फोनवर कशी लावावी. वीस वर्षांच्या मुलाला आपल्याला काही येतं याचा पुरावा हवा असतो, आणि सध्या कॉलेज त्याला उलटाच पुरावा देतंय. घराने तरी वेगळा द्यावा.

एके दिवशी तो सांगेल, कदाचित अगदी भलत्या वेळी, कुकरच्या शिट्ट्या होत असताना. गॅस बंद करा. पहिलं वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’ हेच असू द्या. त्यानंतर थोडं गप्प राहा, ते सगळ्यात कठीण आहे. ‘आधी का नाही सांगितलंस’ हा प्रश्न ओठांवर येईल, तो गिळा. त्याचं उत्तर तुम्हाला आता माहीत आहे. मग विचारा, ‘तू काय ठरवलंयस?’ कोणते विषय, पुढची परीक्षा कधी, फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती, पुढच्या वर्षात प्रवेश मिळतो की वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया) होतं, हे नियम त्याच्या विद्यापीठात काय आहेत ते त्यानेच शोधून तुम्हाला सांगू द्या. तुम्ही इथून कॉलेजला फोन लावू नका. परीक्षेची फी तुम्ही भराल, धावपळ त्याची. दोन विषय राहणं हे इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये फार मोठं नवल नाही. मात्र ते का राहिले, हे त्याला सावकाश विचारा. विषय डोक्यावरून गेला, तब्येत बिघडली, खोलीवरच्या मुलांशी पटत नाही, की ही शाखाच नकोशी झाली आहे? यातल्या प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

पुण्याला राहायला जाऊ नका. वीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर आई तीन महिने बसली तर मित्रांत त्याची काय अवस्था होईल, याचा विचार करा. भेटायला मात्र जरूर जा. त्याला विचारून, त्याच्या सोयीने, दोन दिवस. लॉजवर किंवा नातेवाइकांकडे उतरा. खोलीवर गेलात तर झाडू हातात घेऊ नका, कपाट उघडू नका. जाताना संत्रा बर्फी न्या, जवसाची चटणी न्या, आणि ती त्याच्या खोलीवरच्या सगळ्यांना पुरेल एवढी न्या. त्या मुलांना एका संध्याकाळी बाहेर जेवायला घाला. त्यांच्या गप्पांतून तुम्हाला मुलाचं जे पुणं दिसेल ते साडेनऊच्या फोनवर वर्षभरात दिसलं नसतं. फक्त त्या गप्पांतून उचललेला मुद्दा नंतर त्याच्यावर फेकू नका.

आता मुलीकडे येते. इथे तुम्हाला आधी तुमच्याकडून काहीतरी करावं लागेल.

तुम्ही लिहिलंय, ‘आईने फोन बघितला तर काय बिघडलं? माझ्या आईने माझी पत्रं उघडून वाचली होती.’ मग ताई, आठवा. ती पत्रं उघडल्याचं कळल्यावर तुम्ही आईला जास्त सांगू लागलात, की पुढची पत्रं मैत्रिणीच्या पत्त्यावर मागवली? तुमची मुलगी आज कडी लावते, उद्या फोनचा पासवर्ड बदलेल, परवा दुसरं खातं उघडेल. तुम्हाला कमीच कळत जाईल.

तिची माफी मागा. दाराबाहेर उभं राहून नाही, जेवणाच्या ताटावर नाही, बाबांसमोर तर नाहीच. ती एकटी असताना, दोन वाक्यांत. ‘मी तुझा फोन न विचारता वाचला. ते चुकलं, पुन्हा करणार नाही.’ इथे थांबा. ‘पण काळजी वाटते ना’ हे जोडलंत की माफी संपली आणि समज देणं सुरू झालं. ती काही बोलणार नाही, कदाचित दार लावून घेईल. लावू द्या. त्या दिवशी क्लासमधल्या मुलाचा विषय नाही, डॉक्टरकीचाही नाही. कडीबद्दलही काही बोलू नका; सतरा वर्षांच्या मुलीला दार लावून बसावंसं वाटणं यात काळंबेरं असतंच असं नाही. सुट्टीच्या दिवशी नऊपर्यंत झोपते ही यजमानांची तक्रारही सोडून द्या. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होऊ लागतं, म्हणून रात्री डोळा लवकर लागत नाही. गरज मात्र ८ ते १० तासांची असते. सकाळी सहाचा क्लास असेल तर ती झोप कुठून तरी भरून निघायलाच हवी.

आता क्लासमधल्या त्या मुलाबद्दल. तुम्ही जे वाचलं त्यात, तुमच्याच शब्दांत, ‘टेस्टचे मार्क, सरांची नक्कल आणि शुभरात्री’ एवढंच होतं. बरोबरीच्या वयाच्या मुलाशी अशा गप्पा होणं या वयात साहजिक आहे. पलीकडचा माणूस वयाने बराच मोठा असेल, फोटो मागत असेल, पैसे मागत असेल, धमकावत असेल, तर मात्र गप्प राहायचं नाही. तेव्हा संकोच बाजूला ठेवून तिच्या पाठीशी उभं राहायचं. सायबर तक्रारीसाठी १९३० आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. हे तिला आजच, कुठलाही संशय न घेता, सांगून ठेवा: ‘कुणी असं वागलं तर चूक तुझी आहे का हे मी आधी विचारणार नाही. आधी तुला त्यातून बाहेर काढू.’ घरचे ओरडतील या भीतीने मुली असल्या गोष्टी सोसत राहतात, आणि धमकावणारा त्या भीतीच्याच जोरावर धमकावतो.

‘डॉक्टर व्हायचंच नाहीये’ या वाक्यावर लगेच काही ठरवू नका. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी टेस्ट आणि घरी आल्यावर ‘७२० पैकी किती?’ असा दिवस काढलेली मुलगी रात्री मैत्रिणीला तसं लिहू शकते. तो थकवा असेल. तो पक्का विचारही असेल. कोणता, हे फक्त तिलाच माहीत. माफीनंतर काही दिवसांनी, ती जरा मोकळी दिसली की तिला विचारा, आणि विचारताना ते वाक्य कुठे वाचलंत हे लपवू नका. ‘मी ते वाचायला नको होतं, पण आता वाचलंय तर विचारते. तुला खरंच नकोय का?’

उत्तर ‘नकोय’ असं आलं तर आभाळ कोसळत नाही. बायोलॉजी घेतलेल्या मुलीपुढे एमएच-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गटातून फार्मसी आहे, कृषी आहे; महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय तर १९०६ पासून आपल्या शहरात आहे. पशुवैद्यकीय प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो आणि त्याचं महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला बारावीची कोणतीही शाखा चालते आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठ नागपुरातही आहे. यातलं एखादं ठिकाण तिला घेऊन नुसतं बघून या. सोबत एक व्यवहाराची गोष्टही तिच्यापुढे ठेवा: बारावीची बोर्डाची परीक्षा मन लावून द्यायची, कारण तिचे गुण पुढे कुठेही गेलं तरी लागतात. नीटचा क्लास पुढे चालू ठेवायचा की नाही, हे तिघांनी बसून ठरवा. भरलेली फी हे चालू ठेवण्याचं कारण असू नये. ते पैसे गेले, वर्ष अजून हातात आहे.

एका बाबतीत मात्र थांबू नका. दोघांपैकी कुणाचंही जेवण, झोप पार बिघडली, आवडीच्या गोष्टी सुटल्या, अंघोळ-कपड्यांचं भान गेलं आणि हे दोन आठवडे टिकलं, किंवा ‘मी नसलो तरी कुणाचं अडणार नाही’ अशी वाक्यं कानावर आली, हातावर जखमा दिसल्या, तर वरचं सगळं धीराचं बोलणं बाजूला ठेवा आणि सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात ते येत नाही; उलट कुणीतरी विचारलं याने सुटकेसारखं वाटतं. त्याला किंवा तिला एकटं ठेवू नका. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. नागपुरात मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभाग आहे. मुलगा पुण्यात असेल तर त्याच रात्री मामाला, मित्राला, जो जवळ असेल त्याला त्याच्या खोलीवर पाठवा आणि तुम्ही मिळेल त्या गाडीने निघा.

राहिले यजमान. त्यांच्यापासून लपवून ठेवण्याच्या मी विरोधात आहे. कारण ते कळेल तेव्हा तुम्हा दोघांत भांडण होईल आणि मुलं दोघांच्या मध्ये सापडतील. पण मुलीच्या डोक्यावरून परस्पर सांगणंही बरोबर नाही. तिलाच विचारा, ‘बाबांना तू सांगतेस, मी सांगू, की दोघी मिळून?’ आणि त्याला एक दिवस ठरवा, म्हणजे ते लांबत जाणार नाही. यजमानांशी बोलताना फोन तुम्ही वाचला होता हेही सांगा.

‘पैसे लागले की बोलतात’ असं ते म्हणतात, त्यात रागापेक्षा दुखावलेपण जास्त आहे, असं मला वाटतं. पैसे, फी, तिकीट, रिचार्ज याच वाटेने ते आजवर मुलांना भेटत आले. दुसरी वाट त्यांना कुणी दाखवली नाही, त्यांच्या वडिलांनीही नाही. त्यांना भाषण करायला लावू नका. क्लासला सोडायचं काम त्यांच्याकडे द्या. गाडीवर बाप पुढे, लेक मागे. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून अशा वेळी मुलं समोरासमोर बोलतात त्यापेक्षा जास्त बोलतात. आठवड्यातून एकदा येताना तर्री पोह्यांच्या ठेल्यावर थांबायचं, मार्कांचा विषय काढायचा नाही, एवढाच नियम. पहिले काही फेरे दोघं मुकाट्याने पोहे खातील. खाऊ द्या. मुलाला पैसे पाठवताना त्यांनी एकच गोष्ट बदलावी: पैशांसोबत हिशेब मागणारा मेसेज बंद. महिन्याची रक्कम ठरवून टाका, ठरल्या तारखेला पाठवा. वर लागले तर का लागले ते त्याने सांगायचं. म्हणजे इतर वेळी बाप-लेकाला बोलायला पैशाशिवायचे विषय शोधावे लागतील.

हे उत्तर यजमानांना वाचायला द्यायचं असेल तर जरूर द्या. फक्त मुलीशी तुमचं बोलणं आधी होऊ द्या.